गुणिले पन्नास

दार्दो हातमोजा उलटा करून त्यातच शेण आणतो.
मोज्याला गाठ, गाठीत चिठ्ठी,
चिठ्ठीवर वासराच्या कानातला आकडा.
बारा मोजे. काखेत थर्मास, हातात मातेचा भोपळा,
आणि दारातूनच: "सुल्मा, मेले का?"

जंतांचं विचारतोय.
मी आधी वजन करते. तीन ग्रॅम.
मिठाचं दाट पाणी, चहाची गाळणी
(तिच्यावर लाल रंगात कवटी काढलीय,
रात्रीचा पहारेकरी विसरभोळा आहे)
आणि मग पाच मिनिटं काहीच नाही.

या पाच मिनिटांत तो कुरणाबद्दल बोलतो.
ताकुआरेम्बोत यंदा एप्रिल ओला गेला,
गवत गुडघ्याला लागतंय,
दूध तुटलेली वासरं त्यात तोंड घालून दिवसभर उभी,
आणि तरी बरगड्या मोजता येतात.
"खातायत, पण अंगी लागत नाही," तो म्हणतो,
जसं कुणी स्वतःच्या पोराबद्दल सांगावं.

मला ते गवत पहाटेचं माहीत आहे.
बाप याच कुरणांवर घोड्यावर असायचा, मी पुढ्यात.
पात्यापात्यावर दहिवर.
त्या पाण्याच्या पापुद्र्यातून ते वर चढतात,
डोळे नाहीत, पाय नाहीत,
फक्त ओल आहे तिथवर जायचं
आणि कुणीतरी आपल्याला खाईल म्हणून थांबायचं.
तेव्हा मला नुसतं चमकणं दिसायचं.

आता भिंगाखाली बघ, दार्दो.
जड ते तळाला बसलं, हलकं ते वर आलं.
रेघारेघांच्या वाफ्यात अंडी:
पातळ कवच, आत द्राक्षाच्या घडासारखं काहीतरी.
एक म्हणजे पन्नास.
तीनशे सतरा नंबरच्या वासरात चौदा दिसली.
सुई टोचून आज चौदाच दिवस झाले.

"सातशे," मी म्हणते.
तो भोपळ्यातली नळी ओढतो. आत पाणी संपलंय, आवाज येतो.
"दुकानदार म्हणाला, दुसऱ्या बाटलीचं घे."
बाटली दुसरी, औषध तेच.
आठ वर्षं दर ऋतूला सगळ्यांना टोचलंस,
जे मरायचे ते केव्हाच मेले.
राहिले त्यांना आता सुईची सवय झालीय.

औषध बदलू. पण सगळ्यांना नको देऊस.
जी धडधाकट आहेत, वजन धरतायत,
तसली दहातली दोन तशीच सोड.
त्यांच्यातले भोळे जंत, अजून औषधाला भिणारे,
जगू देत, गवतात उतरू देत,
या निबर झालेल्यांत मिसळू देत.
थोडे पोटात घालावे लागतात, दार्दो.

तो हसत नाही.
"म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या वासरात
मी जंत पाळू?"
हो, असंच काहीसं.
"आणि शेजारच्या ओदिलोनला काय सांगू?"
त्याला काही सांगू नकोस. त्याचेही मोजे घेऊन ये.

गेला. जाताना दार आपटलं नाही, एवढंच.

गुरुवारी दहा मोजे आले, ड्रायव्हरच्या हाती.
दोन चिठ्ठ्यांवर आकड्याच्या बाजूला
निळ्या खडूची फुली, आणि खाली वाकड्या अक्षरात:
यांना टोचलं नाही. बायकोला बोललो नाहीये.

पाणी ओतलं, गाळलं.
पाच मिनिटं.
बाहेर कुणाचा तरी घोडा खांबाला अंग घासत होता.
पहिल्या फुलीच्या थेंबात, तिसऱ्या रेघेपाशी,
एका अंड्याच्या आत कुणीतरी कूस बदलली.
मी बोटानं टिचकी मारून मोजलं.
एक.