अंगवळणी

पहिल्या आठवड्यात एका बाईची किंकाळी
हेडसेटमधून थेट दाढेत शिरली.
बाथरूमचा नळ सोडून मी रडले.
मॉरीन म्हणाली, सहा महिने थांब, होईल सवय.
मी मनातल्या मनात मराठी केलं:
पडेल अंगवळणी.

हे अकरावं वर्ष.
वेकफिल्डची ही बिनखिडकीची खोली,
रात्री तीनला कुणी ओरडतं, रक्त, रक्त,
आणि मी विचारते, पत्ता? श्वास चालू आहे?
डाव्या हातातलं बिस्किट चहात बुडलेलं,
ते मऊ पडून तुटायच्या आत
अॅम्ब्युलन्स निघालेली असते.
नाडी बहात्तर. मनगटावरचं घड्याळ सांगतं.

रोज मरे त्याला कोण रडे.
रडत नाही मी, हे खरं.
पण मेंदू काही दगड होत नाही,
तो हिशेबी आहे.
ओळखीच्या संकटाला पायरीवरच बसवतो,
पाणीसुद्धा विचारत नाही,
आणि शिल्लक राहिलेली सगळी भीती
भलतीकडेच उधळतो.

म्हणजे असं, की घरी
टोस्टरमधून पाव टुणकन वर आला
की मी ओट्याशी वाकलेली, डोक्यावर हात.
शेजारच्या ग्रेगने जिन्यात शीळ घातली
की तळवे ओले.
केतकी हल्ली आधी दारातून हाक मारते,
मगच खोलीत येते.
कधी शिकली, विचारायचं राहिलं.

मिरजेला अण्णा सतारींना तारा चढवायचे.
बोटांची टोकं निबर झालेली,
सुई रुतली तरी पत्ता नसायचा.
पण तार केसभर उतरली
तर कानाआधी तीच बोटं थबकायची.

मंगळवारी पहाटे एक म्हातारे.
त्रास देतोय पोरी, माफ कर.
चहा घेऊन वर आलो
तर हिचा हात गार लागतोय.
घाई नाही काही, जमेल तसं पाठव कुणाला.
ना आरडाओरड, ना धाप.
फक्त बशीवर कपाची किणकिण,
अजून हातातच होता त्यांच्या.

एकशे अठरा.
पत्ता मी दोनदा विचारला.
बिस्किट कधीच तळाला गेलं होतं.

सकाळी पार्किंगमध्ये काचांवर हिमाचा पापुद्रा,
मॉरीन जुन्या बँकेच्या कार्डाने खरवडत होती.
काय गं, काय झालं?
काही नाही, म्हटलं.
एक माणूस फार हळू बोलला.