दुसरी खिडकी

रूळ उखडून नेले तेव्हा मी नववीत होतो.
आता तिथे नुसता उंचवटा उरलाय,
कापसाच्या शेतांतून पेकानच्या झाडांपर्यंत सरळ गेलेला.
नांगरताना कधीमधी फाळाला खिळा लागतो,
अंगठ्याएवढा जाड, गंजाने फुगलेला.

टॅलिव्हर काउंटीकडे दाखवण्यासारखं दुसरं काही नाही.
म्हणून डेपो दुरुस्त करायचा ठरला.
तीस वर्षं त्यात खताची पोती होती, नंतर घुबडं.
चर्चच्या बायकांनी मासे तळून पैसे जमवले,
बँकेने पत्र्याचं बिल भरलं,
आणि सुतारकाम माझ्याकडे आलं,
कारण इथला शेवटचा स्टेशनमास्तर माझा आजोबा.
ड्यूई हॅलफोर्ड. गाव त्याच्यावरून घड्याळं लावायचं.

रंगाचे सहा थर खरवडल्यावर पिवळा निघाला.
तो पिवळा मुळातला की उन्हाने विटलेला,
यावर समितीने अख्खी संध्याकाळ घालवली.

मग मी जमीन घासायला घेतली
आणि ती रेघ सापडली.
खिळ्यांची भोकं, वीत-वीत अंतरावर,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
रेघेच्या अलीकडे ओकच्या फळ्या, गुळगुळीत.
पलीकडे पाइनच्या, गाठी वर आलेल्या.
लाकूड झिजतं, गाठ झिजत नाही.

‘लांबी भर,’ कार्लाइल बूथ म्हणाले,
‘हॉल लग्नांना द्यायचाय. नवरीची टाच अडकली तर?’
मी भरली. अर्ध्याहून जास्त.

मिस अर्नेस्टीन पेटवे आल्या त्या मंगळवारी.
वय अठ्ठ्याऐंशी. नातू गाडी लावत होता.
समोरचं नवंकोरं दार सताड उघडं,
त्या मात्र काठी टेकत बाजूला वळल्या,
गवतातून, मालधक्क्याच्या कडेने,
आणि मी फळ्या मारून बुजवलेल्या जागेशी थांबल्या.
‘इथलं दार काय केलंस?’

आत आल्यावर पाय आपोआप पाइनवर गेले.
‘इथे बाक होता. सात तास बसले होते मी,
शिकागोच्या गाडीसाठी,
मांडीवर बुटाचा खोका, त्यात तळलेली कोंबडी.
बाबा पोचवायला आले नाहीत, कामावर होते.
आठ माणसं, आठ पहारी, एकजण हाळी देणारा.
मैलभर पुढे गाडी हळू झाली,
तेव्हा ते सगळे रुळाच्या कडेला उभे होते.
कुठला माझा, ते धुळीत कळलं नाही.’

मी आजोबांबद्दल विचारलं.
विचारायचं नव्हतं, विचारलं गेलं.

‘आधी तिकडची रांग संपायची.
मग त्याची खुर्ची फिरायची आमच्या खिडकीकडे.
करकरायची. ती करकरली की आम्ही उठायचो.’
बराच वेळ त्या काठीच्या मुठीकडे बघत राहिल्या.
‘सुटे पैसे चोख द्यायचा. एक सेंट इकडचा तिकडे नाही.
हातात नाही द्यायचा. लाकडावर ठेवायचा.’

निघताना म्हणाल्या, ‘भिंत परत घाल.’
मी म्हटलं, समितीला विचारावं लागेल.
‘विचार. आणि हेही विचार,
भिंत नव्हतीच, तर मग मी बसले होते कुठे?’

बैठक गुरुवारी आहे. काय होईल सांगता येत नाही,
बूथ यांचा पुतण्या जूनमध्ये लग्न करतोय.
बुजवलेलं दार मी उघडलंय, कुणाला न विचारता.
आरीने एकेका भोकातली लांबी उकरली,
दोन रात्री लागल्या.

खुर्चीचं मात्र काही करता येत नाही.
आजोबांची म्हणून मीच आणून ठेवली होती,
मागच्याच आठवड्यात तेल घालून.
दिवे मालवायच्या आधी बसतो तिच्यात,
या खिडकीकडून त्या खिडकीकडे फिरतो.
आवाज येत नाही.