वस्तूचे वर्णन

उंबरखाईत घड्याळं दोनच, दोन्ही बंद.
रात्री आठ-चाळीसला एक दिवा
तोरणमाळच्या अंगानं निघायचा,
लुकलुकत नर्मदेपलीकडे जायचा
आणि रुमालीबाई म्हणायची, विमान गेलं, चूल विझवा.
आत कोण असतं हे कुणी विचारलं नव्हतं.
वरच्यांनीही विचारलं नसेल,
खाली काळोखात हा एकच ठिपका कशाचा.

त्या रात्री दिवा आला नाही, आवाज आला.
मोह पहाटे गळतो, म्हणून माणसं रानातच निजलेली.
वेस्ता सांगतो, आधी वाटलं खाणीतला सुरुंग,
मग डोंगराच्या कण्यावर उजाडलं,
मावळतीच्या बाजूला.

मी तलाठी. मूळचा शिरपूरचा. धडगावात तिसरं वर्ष.
डांबर संपलं तिथं जीप ठेवली,
पुढं चार तास पायी, बॅटरीच्या उजेडात.
पोचलो तर पाड्यानं निम्मं काम उरकलेलं.
एक बांबू, एक गोधडी, दोन टोकांना दोन खांदे.
अडलेली बाई, साप चावलेलं पोर,
सगळं याच झोळीतून रस्त्याला लागतं.
आज झोळ्या बावीस. दर खेपेला
पावलं चुकत होती.
दोंगऱ्या म्हणाला, साहेब,
झोळीत कण्हणारं असलं की वाट लवकर सरते.

नमुन्यात रकाने चार.
अनुक्रमांक. वस्तूचे वर्णन. कोठे मिळाली. अंदाजे किंमत.
एक चष्मा, काच शाबूत.
एक चप्पल, डावी, लहान मुलाची, चालताना वाजणारी.
(उचलताना वाजली.
हे कुठल्या रकान्यात घालू?)
एक वही, बरीचशी कोरी.
एक कापडी पिशवी, आत बिबडे, एकोणीस,
पैकी अखंड तीन.

ज्वारीचे. तीळ लावलेले. मी वास घेतला.
म्हणजे आमच्याकडचंच कुणीतरी,
गच्चीवर, कावळे हाकलत, पळसाची काठी घेऊन.
किंमतीत शून्य लिहिलं.
खोडलं.
रेघ मारली. साहेबांनी विचारलं, ही रेघ काय?
म्हटलं, खाद्यपदार्थ.

अकराव्या दिवशी जेसीबी आला.
सतरा वर्षं अर्जात पडून असलेला रस्ता
नऊ दिवसांत निघाला, ढिगाऱ्यापर्यंत.
पाडा तिथून दीड किलोमीटर वर.
दोंगऱ्यानं विचारलं, एवढंच राहिलं, कापता का?
ड्रायव्हर भला माणूस, त्यानं खाली पाहिलं.
मंजुरी इथवरच होती.

यंदा फाल्गुनात एक बाई आली, भडगावकडची,
कौसल्या बडगुजर.
एसटीनं धडगाव, मग जीप, मग त्याच रस्त्यानं.
मला म्हणाली, आप्पा, ते बिबडा मनाच हातना व्हतात.
खाल्ले होते का त्यानं एखादा? सांगता येतं का तुम्हाला?
मी म्हणालो, पिशवीची गाठ सुटलेली होती.
गाठ सुटलेली नव्हती.
सरकारी नोकरीत मी लिहून खोटं पुष्कळ पाहिलंय,
तोंडी हे पहिलंच.

ज्या मोहाला पंख अडकला होता
तो निम्मा जळाला, निम्मा फुलला आहे.
त्याची फुलं कुणी वेचत नाही. कुणी तसं ठरवलेलं नाही.
रुमालीबाईनं त्या दिवशी वेचली, ओंजळभर,
आणि बाईच्या पदरात टाकली.
एकीला अहिराणी कळत नव्हती, दुसरीला पावरी.
दोघी बराच वेळ बोलत होत्या.

विमानांचा मार्ग आता बदलला आहे म्हणे.
आठ-चाळीसला आभाळ नुसतंच असतं.
उंबरखाईत चूल कधी विझवायची
ते ज्याचं त्यानं बघायचं.