शाखा डाकघर, रात्री नऊनंतर

लाईन आत्ताच आली.
टपालाच्या पिशवीवर पाय ठेवून प्रणोती बसलेली.
"आधी पाय काढ," मी म्हणालो.
तिनं पाय काढले, मोबाईल पुढे केला:
त्रेचाळीस नावं. गाठीला शिवणकामाचे सहा हजार.
सहा हजारांत सात बसतात.
"बाबा, तुमी सांगा. तुमचा जनम पत्ते वाचन्यात गेला."

गेला खरा.
पण हे पत्ते असे की खाली जागा नाही, भिंत नाही,
दाराला कडी नाही. वर्षाचे पैसे भरा, तुमचा.
तारीख चुकली की दुसऱ्याचा.
"म्हंजे मक्त्यानं."
"हाव, मक्त्यानंच."

मग मी गुणवंताला फोन लावला.
तो ओलितावर, मागे मोटरची घरघर.
एकेक नाव म्हणत गेलो. ज्याला त्यानं "का म्हनलं?" विचारलं
ते कापलं. तेरा गेली.
एक मात्र त्यानं पहिल्या झटक्यात झेललं: पानपिंपरी.
वर म्हणाला, "रातच्यानं पिंपरी कायले आठवते बे तुले,
भाव पाह्यला का?"

पिंपरीत एम की एन?
पाकिटांवर मी दोन्ही पाहिले आहेत,
शेवटी एक ई, दोन ई, आय, सगळं पाहिलंय
आणि सगळं पोचवलंय.
माणूस चूक पोचवतो.
हे यंत्र अक्षर चुकलं की
तिसऱ्याच्याच ओट्यावर नेऊन सोडतं.
"मंग दोन्ही घेऊ," ती म्हणाली. सातातले दोन संपले.

मागच्या साली गाजलेल्या शब्दांची नऊ नावं होती,
दिवाळी उलटल्यावर पोचणारी भेटकार्डं.
ती तिनंच कापली, मला न विचारता.

एक नाव बियाण्याच्या मोठ्या कंपनीचं,
फक्त एक अक्षर मागेपुढे.
"हे लाखाले जाते, बाबा."
मी चष्मा काढून ठेवला.
सत्त्याण्णव साली एका म्हातारीची मनीऑर्डर
पुतण्यानं अंगठा लावून उचलली होती.
शाईचा पॅड मीच पुढे सरकवला होता.
"काप."
तिनं कापलं. परत लिहिलं. परत कापलं.

अकरा वाजता सहा ठरली.
सातवं मी म्हणालो: आवळगव्हाण.
"हे यादीत नाई."
"आपल्या हद्दीत आहे."

रिठ आहे ते.
सातबाऱ्यावर मौजा, शिवारात एक पार, एक चिंच,
आणि आमच्या फलकावर, बटवड्याच्या गावांत, शेवटची ओळ.
एकोणतीस वर्षांत तिथलं एकच पत्र आलं.
मी सायकल काढून गेलो. गेलो होतो, खरंच.
पारावर बकरी होती, तिनं माझ्याकडे पाहिलं.
पाकिटावर शेरा मारला: वस्ती नाही. परत.
कोणाचं होतं, ते आता आठवत नाही,
अक्षर गोल होतं एवढंच.

"घेनार कोन हे?"
"कोणी नाही."
"मंग कायले?"

इतका वेळ मीच कारणं देत होतो.
या वेळी पिशवीची दोरी गुंडाळत बसलो.

ती टाईप करू लागली आणि थांबली.
"ळ कसा लिहू? आन् ण?"
चूक कोणती ते सांगायलाही तिथे कोणी नाही.
"लिही तुले वाटंल तसं."

नाव शिल्लक होतं. असणारच.
ओटीपीला रेंज नव्हती म्हणून ती माडीवर गेली,
तिच्या चपलांचा आवाज पत्र्यावर इकडून तिकडे.
खाली मी फलकासमोर उभा,
शेवटच्या ओळीचा रंग नखानं खरवडला तर निघत होता,
म्हणून हात मागे घेतला.

वरून तिची हाक:
"बाबा, किती वर्सासाठी?"