उरलेले अकरा सेकंद

लंबासात आमचं दुकान एकच, भाडं अर्धं अर्धं:
दाराकडे माझं शिवणयंत्र,
भिंतीकडे इलियेसाचं टेबल, पोट उघडलेले मोबाईल.
साखरमिलचा हंगाम सुरू झाला
की उसाचे ट्रक रात्रभर रांगेत उभे
आणि काळी राख माझ्या शाळेच्या शर्टांवर येऊन बसते.
ती झटकत होतो, तर बिसुनदेई आली.

ओढणीच्या टोकाला फोन बांधलेला,
सुटे पैसे बांधावेत तसा.
"बिघडलाय," म्हणाली.
इलियेसानं पाहिला. काहीही बिघडलं नव्हतं.
मिस्ड कॉल सत्तावीस.
सगळे राजनेशचे, ब्रिस्बेनहून.

मग खरं सांगितलं, माझ्याकडे बघत, त्याच्याकडे नाही.
फोन वाजतो तेव्हा आधी शंख.
मग झांजा. मग कुणी बाई आळवत आळवत वर चढते,
आणि शेवटी, अगदी शेवटी, नाव येतं.
"नाव कसं तोडू, भाई?
'रा' माझ्या कानात आणि 'म' बटणाखाली?"
म्हणून ती थांबते. ओले हात पुसून जोडते.
जोडून होतात, तोवर शंख पुन्हा सुरू.
आता तो तरी मध्येच कसा तोडायचा?

तिकडे मुलाला यातलं काही ऐकू जात नाही.
त्याच्या कानात नुसतं टुर्र, टुर्र,
रिकाम्या घरात वाजावं तसं.
उलट फोन करावा तर रिचार्ज नसतो.
"सत्तावीस म्हणजे," ती म्हणाली,
"माळेचा पाव भाग झाला."
हसली की काय, कळलं नाही.

साधी घंटी लाव की, मी म्हटलं.
तिनं असं पाहिलं
की मी सुईत दोरा ओवू लागलो.
ओवलेल्याच सुईत.

इलियेसा रविवारी चर्चमध्ये खालच्या पट्टीत गातो.
त्याला अर्थ नको होता, जागा हवी होती.
"कुठून कापू?"
दोघांनी एकेक इयरफोन घेतला.
त्याचं कुरळं डोकं, तिचा खोबरेल तेलाचा अंबाडा,
आणि मधोमध लोंबणारी वायर.
तो टेबलावर बोटानं ठेका धरून.
तिनं हात वर केला. "इथं."
पुन्हा ऐकलं.
"नाही नाही. ती श्वास घेते ना, त्याच्याही आधी."
पोरानं कापलं.
चाळीस वर्षं कातर चालवतोय मी,
असा कापता आला नसता मला श्वास.

आता नाव पहिल्यांदा. तीन सेकंद.
मग खुशाल उचला.

"उरलेले अकरा सेकंद पुसून टाकू, मावशी?"
ती उंबऱ्यात वळली.
"पुसायचं नसतं रे ते,"
आणि बस धरायला गेली.

फोन आला का, उचलला का, मला माहीत नाही.
इतक्या दिवसांनी पहिल्याच रिंगला उचलल्यावर
माणसं काय बोलतात, तेही माहीत नाही.
बहुतेक, जेवलास का.

संध्याकाळी शटर ओढताना
इलियेसाच्या मशीनमधून एकदम शंख.
चुकून काही दाबलं गेलं असेल.
झांजा. बाई वर चढू लागली.
त्याचा हात शटरला, माझ्या हातात कुलूप.
पुढे नाव नाही, आम्हा दोघांना ठाऊक होतं.
तरी उभे राहिलो,
ते यायचं त्या जागेपर्यंत.