वार

सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवून
योव्हाना सिस्टर म्हणाली, वार खाली आहे, हिलारिया.
बाळाच्या वाटेवरच पडून आहे,
दारात आडव्या झालेल्या कुत्र्यासारखी.
आता उचलायचं नाही, वाकायचं नाही,
गावी परत जायचं नाही.
"आणि हसणं?" मी विचारलं.
"जपून," ती म्हणाली.

गाव इथून पाच तास. बटाट्यांच्या ट्रकमधून
पोत्यांवर आडवी होऊन आले होते मी,
मांड्यांमध्ये सासूची शाल घट्ट दाबून.
ती शाल तिने परत मागितली नाही.

दिवस भरत आलेल्यांचं घर: सहा खाटा, एक चूल,
चुलीमागे कुणाकुणाचे गिनीपिग.
खिडकीतून सिक्वानीचं फुटबॉलचं मैदान, त्यामागे
आमच्या अंगणातून दिसतो तोच डोंगर,
पण पाठमोरा.

चौतिसावा आठवडा. पस्तिसावा.
टोपडं विणलं, मोठं वाटलं, उसवलं,
पुन्हा विणलं. तेवढंच मोठं झालं.
सिस्टर रोज पोटावर यंत्र टेकवायची
आणि आत कुणीतरी ओल्या मातीतून
भराभर बटाटे उकरत असल्याचा आवाज यायचा.
हळू, मी म्हणायचे. अजून हंगाम आला नाही.

शेजारच्या खाटेवर निकोलासा. तिचं पाचवं.
झोपेत मेंढ्यांना हाका मारायची, नावानिशी.
एका पहाटे तिला नेलं.
संध्याकाळी खाटेवर धुतलेली चादर आली.
कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.
तिचा निळा थर्मास खिडकीतच राहिला
आणि आम्ही पाच जणी
त्यातच पाणी भरत राहिलो.

रविवारी फ्लोरेन्तिनो आला. सासूने दिलेले
थंडीत वाळवलेले बटाटे, खड्यांसारखे; आणि एक दोर.
तुळईला बांधून, तो धरून, उकिडवं बसून
त्याच्या आईने सात जणांना जन्म दिला होता.
"उपयोग नाही," मी म्हटलं. "पोट कापणार आहेत."
"असू दे उशाशी."

मंगळवार होता. मैदानात सामना चालू होता.
आधी मांडीवर ऊब, मग लाल.
दुखलंच नाही, त्याचीच भीती वाटली.
तेवढ्यात कुणीतरी गोल केला,
सगळे ओरडले,
त्या ओरडण्यातूनच मला स्ट्रेचरवर नेलं.

डॉक्टर समुद्राकडचे, लिमाचे. ते काहीतरी
स्पॅनिशमध्ये मोजत होते.
मी माझ्या भाषेत, मेंढ्या कोंडताना मोजते तशी:
हुक, इस्काय, किम्सा...
चौथ्याला अडले,
कारण आतून कुणी पोतं ओढावं तसं झालं
आणि मग काहीच नाही.
छतावरचा दिवा. दिव्याभोवती एक माशी.
काहीच नाही.

मग शिंक.
रडणं नाही, आधी शिंक,
चुलीचा धूर गेल्यासारखी. आणि मग रडणं,
एवढंसं, रागीट.

मुलगी. एक किलो नऊशे.
काचेच्या पेटीत अकरा दिवस, नाकात नळी;
या उंचीवर हवा मोठ्यांनाही पुरत नाही.
टोपडं तिच्या हनुवटीपर्यंत आलं.

वार फ्लोरेन्तिनोने मागून घेतली.
प्लास्टिकच्या पिशवीत, मांडीवर धरून,
पाच तास ट्रकमधून नेली,
धुऊन चुलीशेजारी पुरली.
माझा राग होता तिच्यावर. वाट अडवली तिने.
टाके काढताना सिस्टरला तसं म्हटलं.
ती म्हणाली, "अडवली खरी.
पण तिथे बसूनच खाऊ घालत होती ना पोरीला?"
मला उत्तर सुचलं नाही.

परतताना मी ट्रकच्या पुढच्या सीटवर.
पोर पट्ट्यात गुंडाळलेली, दोर पायाशी.
वळणावळणाला डोंगर थोडा थोडा फिरत गेला
आणि शेवटी समोरून दिसला.

घराच्या दारात कुत्रा आडवा पडला होता.
त्याने मान वर केली, हुंगलं,
उठला,
आणि बाजूला झाला.