तीन घरं, सहा संधी

पहाटे साडेपाचला नळ नुसताच सूं सूं करतो.
आज चौथा दिवस की पाचवा,
यावर विडी घरकुलच्या आमच्या गल्लीत दोन पक्ष.
मी रिकाम्या घागरींच्या रांगेत
पायरीवर मोबाईल धरून बसतो
आणि आजचं कोडं उघडतो:
तीन घरं, सहा संधी.

हिरवं आलं तर अक्षर मुक्कामी पोचलं.
पिवळं आलं तर अक्षर आहे,
पण काना-मात्रा चुकली, नाहीतर घर.
करडं म्हणजे पुढे चला.

चौतीस वर्षं मी जॅकार्डची कार्डं पंच केली.
चादरीवरचा मोर म्हणजे
पाडलेली भोकं आणि न पाडलेली भोकं.
शिकाऊ पोरांना सांगायचो,
जिथं भोक नाही तिथंपण काहीतरी लिहिलेलं असतं बे,
ते वाचायला शिक.
म्हणून करड्या घरांचं मला वाईट वाटत नाही.

माझा पहिला शब्द ठरलेला: कारण.
क, र, ण. या तिघांवाचून मराठीचं पान हलत नाही.
वहीत एकशे बारा दिवसांचा हिशेब आहे,
कुठलं अक्षर किती वेळा आलं त्याचा.

समोर नागमणी वहिनी.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
रात्री भिजवलेली पानं ओल्या फडक्यात.
तिचा पहिला शब्द डोळ्यासमोर येईल तो:
कातरी. पातेलं. शेजारी.
परवा दुसऱ्याच ओळीत सुटलं तिला.
कसं काय, म्हटलं.
"एमो," म्हणाली,
आणि विडीचं तोंड नखानं दुमडलं.

आज: कारण. ण पिवळा, बाकीचे करडे.
पाहुणी. णी हिरवी झाली, आत बरं वाटलं.
मागणी. मा पिवळा.
इथून माझी शिस्त सुरू झाली, म्हणजे हट्ट.
मोजणी. पिवळा.
मळणी. पिवळा.
पाच ओळी गेल्या, म पहिल्या घरातून हलेना,
म्हणजे मीच हलवला नाही.

"सरकव की त्याला जरा," वहिनी म्हणाली
मान वर न करता.
सरकवला. मधे म, शेवटी णी.
रमणी? पण र तर मघाच गेला.
"माझं नाव घाल," ती हसली.
चार अक्षरी आहे, मावत नाही.
"मग चिमणी घाल."

तिन्ही घरं हिरवी.

मला दिसली गिरणीची,
जिचा धूर कुठं वळतोय ते बघून
आई धुणं वाळत घालायची.
वहिनीला विचारलं, तुझी कुठली?
"रॉकेलची. जोडभावी पेठेत, आठ बाय दहाच्या खोलीत.
सहा बहिणी, एक चिमणी.
जिच्या पानावर उजेड, तिच्या विड्या जास्त."
आतून नातू ओरडला, अहो, पक्षी हाय तो!
पक्ष्याला घरात आम्ही पिच्चुका म्हणतो,
त्यामुळे माझ्या यादीत तो
कधी येऊन बसलाच नव्हता.
कोड्याला यातली कुठली हवी होती,
तीन चौकटी काही बोलल्या नाहीत.

वहीत नशिबाचा रकाना नाही.
पेन्सिलीनं एक आखला,
काय भरावं कळेना,
नुसती तारीख टाकली.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा पहिलाच शब्द: चिमणी.
आलेला शब्द परत येत नाही, मी समजावलं,
हे नियमात आहे.
"पाणी येतंय की परत."
तीन करडी घरं.
"चला," ती म्हणाली, "तीन कमी झाले,"
आणि पुढचं पान कापायला घेतलं.

तेवढ्यात नळ खाकरला.
दोन्ही पक्ष घागरी घेऊन पळाले.